मालवणचं पॅकेज, गंगापूर रोडवरच्या एजंटकडून : तीन स्टार

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून मे महिन्यात मालवण-तारकर्लीचं पॅकेज घेतलं, आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई. नाव मुद्दाम टाकत नाहीये, माणूस तसा वाईट नाही, पण समुद्र कधी चालू आणि कधी बंद हेच त्याला माहीत नव्हतं आणि मालवणची ट्रिप लावायची तर आधी तेच बघावं लागतं ना.

मार्चमध्ये त्याच्याकडे गेलो तेव्हा ह्यांना सुट्टी मेच्या शेवटी मिळेल असं वाटत होतं, तर त्याने लगेच 27 ते 31 मे टाकून रंगीत पीडीएफ पाठवली, स्कुबा, पॅरासेलिंग, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, त्सुनामी आयलंड, सगळंच. पोरं नाचायला लागली, आम्ही अॅडव्हान्स देऊन मोकळे. मग मी तारकर्लीजवळच्या देवबागच्या होमस्टेवाल्या काकूंना सहज फोन केला, सासूबाईंना मासे चालत नाहीत म्हणून जेवणाचं विचारायला, तर त्या हसायलाच लागल्या, "अवो ताई, तेव्हा होडी खंय? सगळा बंद!" मे संपत आला की पावसाळ्यासाठी होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद होतात ते थेट ऑगस्ट संपेपर्यंत. म्हणजे नाशिकहून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर जाऊन आम्ही किल्ला जेट्टीवरूनच बघितला असता.

एजंटला फोन केला तर म्हणे, "होतं हो मॅडम, लोकल लोक नेतात गुपचूप." इथे माझं डोकं सटकलं. बंदी असताना खवळलेल्या समुद्रात पोरांना घेऊन गुपचूप जायचं? दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच फोन करून चूक मान्य केली आणि जादा पैसे न घेता 12 ते 16 मे करून दिलं. ह्यांनी साहेबांना कसं पटवलं ते विचारू नका.

अजून एक, प्लॅनमध्ये 'जाता जाता गणपतीपुळे' लिहिलेलं. अहो पुणे-कोल्हापूरवरून गगनबावड्याचा घाट उतरणाऱ्याला गणपतीपुळे जाता जाता कसं लागेल? ते काढायला लावलं. ट्रेनचं विचारलं होतं, मंगला एक्सप्रेस नाशिकरोडवरून आहेच, पण रत्नागिरीला उतरून पुढे मालवण दीडशे-एक किलोमीटर, त्यामुळे गाडीच बरी हे त्याचं म्हणणं पटलं.

आता चांगलं. गाडी स्वच्छ, एसी शेवटपर्यंत चालला आणि ड्रायव्हरदादा म्हणजे सोनं, चाकणच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा एकदाही आवाज चढला नाही, सासूबाईंना गाडी लागते म्हणून घाटात अगदी हळू, मध्येच थांबून लिंबू सरबत. होमस्टे एजंटनेच निवडलेला, तो मात्र शंभर टक्के बरोबर, एका बाजूला कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र. आम्हाला सुरमई आणि कोंबडी-वडे, सासूबाईंना घावणे, काळ्या वाटाण्याची आमटी आणि रोज सोलकढी, त्यांनी तर नाशिकला येऊन आमसुलाचा डबाच भरून ठेवलाय.

किल्ल्यासाठी एजंटने सकाळी स्कुबा करून लगेच होडी असं ठेवलेलं, ते करू नका. होडीवाले तासाभरात परत या म्हणतात, त्यात शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हातापायाचे ठसे आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव ह्या विहिरी बघायच्या. 1664 साली काम सुरू झालेला किल्ला, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या विहिरी, धाकटा तिथून हलेचना, आणि आम्ही आधीच स्कुबाने दमलेलो. आणि हो, नाशिकचं ऊन कोरडं असतं, इथे सकाळी नऊलाच अंगाला कपडे चिकटतात, कॉटनचे दोन जोड जास्त घ्या.

बुकिंग करायला हरकत नाही पण तारखा होमस्टेवाल्यांना विचारूनच पक्क्या करा, आणि अॅडव्हान्स त्यानंतर. तीन स्टार देतेय, त्यातला एक ड्रायव्हरदादांचा.