सेनेगलची १० नंबरची जर्सी सोलापुरात बनवून घेतली, त्याचा अनुभव

क्रिकेट सोडून दुसऱ्या कुठल्या टीमची जर्सी सोलापुरात शोधत असाल तर हे पूर्ण वाचा, कारण मी त्यासाठी दोन रविवार पायपीट केलीय आणि शेवटी जे दुकान सापडलं ते सगळ्यांना कळावं असं मनापासून वाटतंय.

झालं असं की माझा भाचा सातवीत आहे, आडनाव माने. शाळेत फुटबॉल खेळतो. वर्गातली सगळी पोरं मेस्सी नाहीतर रोनाल्डो, आणि ह्याला दोन वर्षांपूर्वी कुठल्यातरी जुन्या व्हिडिओत दिसलं की इंग्लंडमधल्या मैदानात एक खेळाडू पाठीवर माने लिहून पळतोय. झालं, त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. सादिओ माने, सेनेगलचा. भाच्यानं आधी लिव्हरपूलची लाल जर्सी ऑनलाइन मागवली होती, तिचा नंबर दुसऱ्या धुण्यात कडेनं सुटला, तिसऱ्यात शून्य अर्धा गळाला आणि १० चा जवळजवळ १ झाला. पोरगं त्या दिवशी जेवलं नाही. म्हणून वाढदिवसाला मी म्हणलं, मामा देतो, कुठली पाहिजे सांग. तर म्हणतो क्लबची नको, सेनेगलची पांढरी पाहिजे, कारण क्लब बदलतात, सेनेगल बदलत नाही.

आता सेनेगलची जर्सी सोलापुरात कुठं मिळणार? नवी पेठेत फिरलो, पार्क चौकात फिरलो, सात रस्त्याला दोन दुकानं बघितली. सगळीकडं मुंबई, चेन्नई, बंगळुरू, फारतर अर्जेंटिना. एका दुकानदारानं तर विचारलं की हा गोवा साइडचा क्लब आहे का. त्याची चूक नाही, मागणीच नाही तर तो माल ठेवेल कशाला.

मग माझ्यासोबत कामाला असलेल्या एकानं सांगितलं की पूर्व भागात एक अण्णा जर्सी शिवून, छापून देतात. (मी टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटी चेकिंगला आहे, त्यामुळं कापडाबद्दल पुढं जे लिहितोय ते अंदाजपंचे नाही.) अशोक चौकाकडून आत गल्लीत जायचं, दुकानाला नावाची पाटी अजून लागलेली नाही, पण बाहेर दोरीवर टी-शर्ट लटकलेले दिसतात, चुकत नाही कोण. पूर्वी त्याच जागेत चार पॉवरलूम होते, आता एका बाजूला मोठा प्रिंटर, हिट प्रेस आणि दोन शिलाई मशिनी. डिझाइन वहिनी करतात कॉम्प्युटरवर, प्रेस अण्णा बघतात.

पहिल्याच भेटीत मला माणूस पटला. मी म्हणलं, पांढरी जर्सी, नंबर पाठीवर चिकटवून द्या. तर अण्णा म्हणाले, "मालक, चिकटवायचं नाही. पांढरीच आहे ना, मग सब्लिमेशन करू, आयुष्यात निघणार नाही." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, विनाइल (कापून चिकटवायची प्लॅस्टिकची शीट) किंवा डीटीएफमध्ये (फिल्मवर छापून चिकटवतात) नंबराचा थर कापडाच्या वर बसतो, आणि काम कच्चं असेल तर तोच थर पुढं तडकतो, सुटतो. सब्लिमेशनमध्ये आधी कागदावर छापतात, मग साधारण २०० डिग्रीच्या प्रेसखाली शाई वाफ होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. हात फिरवला तर नंबर बोटाला लागतच नाही. फक्त कापड पॉलिस्टर पाहिजे आणि रंग पांढरा नाहीतर एकदम फिका, कॉटनवर ते धरत नाही. गिऱ्हाइकाला हे सगळं कोण समजावून सांगत बसतं? अण्णांनी दोन्ही प्रकारचे तुकडे हातात दिले आणि नखानं खरवडून बघा म्हणाले.

कंपनीचा लोगो मात्र टाकणार नाही म्हणाले, ते मला आवडलं. झेंड्याचे हिरवा, पिवळा, लाल पट्टे, पुढं सिंह, आणि वर एक तारा. ताऱ्यावरून वहिनींनी विचारलं, हा कशाचा, ठेवू का काढू? आणि इथं आमच्या पोराला संधी मिळाली. पुढचा दीड तास आम्ही तिथं होतो, आणि भाचा स्टुलावर बसून दोघांना सगळी कथा सांगत होता, मी पण नीट त्या दिवशीच ऐकली.

तारा आहे तो आफ्रिकन कपचा, सेनेगलनं पहिल्यांदा जिंकला ६ फेब्रुवारी २०२२ ला. समोर इजिप्त, म्हणजे मोहम्मद सालाह, लिव्हरपूलमधला मानेचाच जोडीदार. सातव्याच मिनिटाला सेनेगलला पेनल्टी मिळाली, मानेनं मारली आणि गोलकीपरनं अडवली. त्याच्या आधी २०१७ च्या आफ्रिकन कपात कॅमेरूनविरुद्ध शूटआउटमध्ये (मॅच बरोबरीत सुटली की दोन्ही टीम आळीपाळीनं पेनल्टी मारतात ते) पण त्याचीच पेनल्टी हुकली होती आणि टीम बाहेर गेली होती. म्हणजे विचार करा डोक्यात काय चाललं असेल. मॅच ०-० राहिली, शूटआउट आलं, आणि शेवटची पेनल्टी मारायला पुन्हा हाच. ह्यावेळी आत गेली, ४-२. अण्णांनी प्रेस बंद करून विचारलं, "पुन्हा त्यालाच दिली?" पोरगं म्हणालं, "त्यानंच मारली." पुढच्याच महिन्यात, २९ मार्चला, वर्ल्ड कपच्या तिकिटासाठी पुन्हा इजिप्त, पुन्हा शूटआउट, पुन्हा शेवटची ह्याचीच आणि पुन्हा आत. वहिनी म्हणाल्या, तारा जरा मोठा करते.

पण मला स्वतःला जे लागलं ते कपड्याचं. मानेचा जन्म १० एप्रिल १९९२ चा, सेनेगलच्या दक्षिणेला बांबाली नावाचं गाव. वडील इमाम होते, हा सात वर्षांचा असताना गेले. पोटाचं दुखणं होतं आणि गावात दवाखानाच नव्हता. घरच्यांना फुटबॉल मान्य नव्हता, तर पंधरा-सोळाव्या वर्षी हा न सांगता घरातून पळून राजधानी डकारला गेला. तिथं ट्रायलला उभा राहिला तर पायात फाटके बूट आणि अंगावर साधी चड्डी, खेळायची नव्हेच. तिथल्या एका माणसानं तोंडावर विचारलं की ह्या बुटांवर आणि ह्या चड्डीवर ट्रायल देणार का तू. मैदानात उतरल्यावर त्याच माणसानं घेतलं. हे मानेनंच मुलाखतीत सांगितलेलं आहे. आमच्या शाळेच्या मैदानावर पण किटवरून पोरं एकमेकांना बोलतात, भाचा ते सांगताना खाली बघत होता, मला तेव्हा कळलं की ह्या जर्सीचं एवढं काय आहे.

मग डकारच्या जनरेशन फूट अकॅडमीतून २०११ ला फ्रान्सच्या मेट्झमध्ये. टीम त्याच मोसमात तिसऱ्या डिव्हिजनला घसरली पण हा २०१२ ला ऑस्ट्रियात रेड बुल साल्झबर्गला गेला, तिथून २०१४ ला इंग्लंडमध्ये साउथम्प्टनला. १६ मे २०१५ ला अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध २ मिनिटं ५६ सेकंदात हॅटट्रिक, प्रीमियर लीगमधली सगळ्यात फास्ट. आधीचं रेकॉर्ड १९९४ पासून रॉबी फाऊलरचं होतं, ४ मिनिटं ३३ सेकंद. अण्णांनी घड्याळात बघून हिशोब केला, म्हणाले माझ्या प्रेसवर पुढा, पाठ आणि एक बाही निघायच्या आत ह्याचे तीन गोल.

२०१६ ला लिव्हरपूलनं त्याच्यासाठी ३ कोटी ४० लाख पौंड मोजले. सहा वर्षांत २६९ मॅच, १२० गोल. २०१८ ची चॅम्पियन्स लीग फायनल हरले, त्यात गोल ह्याचाच, २०१९ ची जिंकले, आणि २०२० ला तीस वर्षांनी लीगचं टायटल. २०१८-१९ ला २२ गोल करून गोल्डन बूट (लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याचं बक्षीस) सालाह आणि ओबामेयांगबरोबर वाटून घेतला, म्हणजे तिघंही आफ्रिकेचे. हे वाक्य भाचा दोनदा म्हणाला. आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू दोनदा, २०१९ आणि २०२२. फुटबॉलच्या कमाईतून बांबालीत शाळा बांधून दिली आणि २०२१ मध्ये दवाखाना सुरू करून दिला. ज्या गावात दवाखाना नव्हता म्हणून बाप गेला, त्याच गावात. अण्णा त्यावर काहीच बोलले नाहीत, नुसतं "हं" केलं आणि कागद उलटा करून परत बघितला. २०१८ ला मॅच झाल्यावर लिव्हरपूलमधल्या मशिदीत बाथरूम धूत असतानाचा व्हिडिओ पण आहे, लोकांनी लै शेअर केला होता.

सगळं गोडच आहे असं नाही. २०२२ ला जर्मनीच्या बायर्न म्युनिकला गेला आणि ८ नोव्हेंबरला पायाला लागलं, ज्या वर्ल्ड कपचं तिकीट स्वतः पेनल्टी मारून काढलं तो कतारचा वर्ल्ड कप घरी बसून बघावा लागला. मग एप्रिल २०२३ ला मँचेस्टर सिटीकडून ३-० हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये टीममधल्याच लिरॉय सानेबरोबर भांडण, क्लबनं एक मॅच बाहेर बसवलं आणि दंड केला. माने आणि सानेचं भांडण म्हणल्यावर माझ्या बहिणीला आधी वाटलं शेजारच्या बिल्डिंगमधलं सांगतायत. मी भाच्याला विचारलं, हे सांगितलं नाहीस अण्णांना? तर म्हणाला, "चुकलं त्याचं मामा, पण चुकलं म्हणून मी बदलणार नाही." ऑगस्ट २०२३ ला युरोप सोडून सौदीला अल नस्रला गेला, जानेवारी २०२४ ला लग्न केलं. ज्या टीमला गेला त्याच टीमसाठी रोनाल्डोनं आधीच सही केली होती, त्यामुळं वर्गात भाच्याची भांडणं जरा कमी झालीत.

आता जर्सीकडं येतो. तीन दिवसांनी बोलावलं होतं, तिसऱ्याच दिवशी तयार. कापड डॉट निट (बारीक छिद्रांचं विणलेलं), हाताला १६० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपास वाटलं, घाम धरून ठेवत नाही, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा ह्याहून जाड घेऊच नका. शिलाई सरळ, बगलेत डबल टीप, दोरा कुठं लोंबत नाही. हिरवा रंग स्क्रीनवर दिसला त्यापेक्षा थोडा गडद आला, तेवढं चालतं. कॉलर मात्र घट्ट आहे, डोक्यातून घालताना कान ओढले जातात, रिब (कॉलरची ताणणारी पट्टी) अर्धा इंच जास्त पाहिजे होती. मी सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आणि एक चूक झाली होती. पाठीवर इंग्रजीत एम ए एन ई बरोबर, पण शेवटच्या ई वर जी छोटी तिरकी रेघ असते ती नव्हती. मला दिसलीच नसती. भाच्यानं जर्सी हातात घेतली, खुश झाला, पाठ फिरवली आणि गप्प. मी म्हणलं काय झालं बे? तर म्हणतो, "हे त्याचं नाव नाही मामा, हे माझं झालं." वहिनी लगेच उठल्या, फोनवर फोटो मोठा करून बघितला, म्हणाल्या खरंय, फॉन्टमध्ये ते अक्षर नव्हतं म्हणून मी साधं घेतलं, मला विचारायला पाहिजे होतं. सबब नाही, चिडचिड नाही. सब्लिमेशन पुसता येत नाही, म्हणजे अख्खी पाठ उसवून नवीन लावायची. रेघ हातानं काढली कॉम्प्युटरवर, नवीन पाठ छापली, आमच्यासमोर उसवून परत शिवली. वरचा एक रुपया घेतला नाही. ठरलेले ४५० होते, ४५०च घेतले.

त्यानंतर आठ-नऊ वेळा धुतलीय. पाणी आमच्याकडं चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळं ती बाकीच्या कपड्यांच्या ढिगात बादलीत भिजत पडते, नीट जपणूक काही होत नाही, तरी नंबर पहिल्या दिवसासारखा आहे. रेघ पण.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गणपतीच्या आणि भीमजयंतीच्या आधी जाऊ नका, मंडळांच्या टी-शर्टांचे गठ्ठे छतापर्यंत असतात आणि एक-दोन पीसची ऑर्डर मागं पडते. गाडी चौकातच लावा, गल्लीत टमटम आली की दोघं अडकता. नाव आणि नंबर कागदावर स्वतःच्या हातानं लिहून न्या, रेघा-टिंबांसकट. खेळाडूचा फोटो पण न्या. आणि कॉलर सैल सांगा.

मागच्या आठवड्यात शाळेच्या टीमसाठी अकरा जर्सींचा भाव विचारायला गेलतो तर अण्णांनी कपाटातून एक पिशवी काढली. ती बिनरेघेची जुनी पाठ टाकली नव्हती, तिला नवीन पुढा आणि बाह्या लावून दुसरी जर्सी शिवून ठेवली होती, कॉलर अर्धा इंच सैल. २०० द्या म्हणाले, मी ३०० दिले. भाचा ट्रेनिंगला ती घालतो, आणि रेघेची मॅचला.