थ्रेड्स, ब्लूस्काय की मॅस्टोडॉन? चापडगावच्या मनोऱ्यावरची चर्चा

गेल्या रविवारी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात, चापडगावच्या मनोऱ्यावर कुडकुडत आम्ही सहा पक्षीनिरीक्षक हाच विषय चघळत होतो. आमच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर बदकाचा फोटो टाकून कुणी "हे कोणतं?" विचारलं, की उत्तराआधी चाळीस शुभसकाळी येऊन पडतात. मग बस्तान हलवायचं तर थ्रेड्स, ब्लूस्काय, मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या (आताचं एक्स) ॲपपैकी कुठे?

थ्रेड्स सगळ्यात सोपं. जुलै २०२३ मध्ये आलं आणि ५ दिवसांत १० कोटी खाती झाली, कारण इन्स्टाग्रामचं खातं होतं तसंच चालत होतं. पण मांडवात आलेला प्रत्येक जण पंगतीला बसत नाही; पहिला भर ओसरला तसा रोजचा वापर झपाट्याने उतरला. नंतर सावरला. रोहित पक्ष्यांचा झकास फोटो अनोळखी लोकांपर्यंत जावा असं वाटत असेल, तर थ्रेड्सच.

आम्हाला मात्र प्रेक्षक नकोत, उत्तर देणारे हवेत. तिथे माझं मत ब्लूस्कायला. फेब्रुवारी २०२४ पर्यंत तिथे आमंत्रणाशिवाय प्रवेशच नव्हता. 'फॉलोइंग'मध्ये, म्हणजे आपण फॉलो केलेल्यांच्या पानावर, पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसतात, त्यामुळे सकाळी विचारलेला प्रश्न दुपारपर्यंत आपल्याच माणसांच्या नजरेला पडतो. शिवाय स्टार्टर पॅक आहे: यादी करून लिंक पाठवायची, नवा माणूस एका दमात सगळ्यांना फॉलो करतो. नव्या ठिकाणी माणूस परत फिरतो तो बहुधा पहिल्या दोन दिवसांत, ओळखीचं कुणी दिसत नाही म्हणून. मर्यादा ३०० अक्षरांची, पण काना-मात्रा वेगळ्या मोजत नाहीत. चक्रवाकाचं वर्णन त्यात आरामात बसतं.

मॅस्टोडॉन २०१६ पासून आहे, जाहिराती नाहीत, तत्त्वाला पक्कं. पण ते वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरवर विभागलेलं; "आधी सर्व्हर निवडा" म्हटल्यावर आमच्यातले निफाडचे काका फोन खिशात घालतील. सर्व्हर बदलला तर फॉलोअर बरोबर नेता येतात, जुन्या पोस्ट नाही.

'कू' या ट्विटरसारख्या भारतीय ॲपवर मराठी होती, तरी जुलै २०२४ मध्ये ते बंदच झालं. म्हणून पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच ठेवायच्या, गप्पा कुठेही मारा.

तर येत्या रविवारी दहा जण ब्लूस्कायवर, एकदमच. एकेकट्याने जाण्यात अर्थ नाही. खाती मात्र घरूनच उघडून या; मनोऱ्यावर नेटवर्कची एकच काडी येते, तीही वारा असेल तिकडे फोन धरला तर.