गोणीवर पेरणीची तारीख लिहिणारं जांभळी नाक्याचं दुकान

ठाण्याच्या नौपाड्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. रोजच्या दोनशे पोळ्या, सणावाराला पुरणपोळ्या वेगळ्या. गहू चुकला की महिना चुकला.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका दुकानातून चार गोण्या लोकवन घेतला होता. वरचा दाणा टपोरा, हात खाली घातला की चिमटलेला. दळून आणला तर चाळणीत कोंडाच कोंडा. कणीक पाणी पीतच राहायची आणि दुपारच्या डब्यात पोळी वातड. दोन ऑफिसांचे डबे त्यात गेले, ते अजून परत आलेले नाहीत.

यंदा एप्रिलमध्ये जांभळी नाक्याच्या बाजारातल्या या दुकानात शिरले. इथे निफाड-सिन्नरकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यांचा माल येतो आणि प्रत्येक गोणीला चिठ्ठी असते: वाण, गाव, पेरणीची तारीख. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. तारीख वाचूनच मला अर्धा गहू कळतो. बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी म्हणजे १ ते १५ नोव्हेंबर. दाणा भरताना थंडी लागते. डिसेंबरअखेर पेरलेला गहू चिकात येतो, म्हणजे दाण्यात दुधासारखा चीक भरतो, तेव्हा उन्हं तापलेली असतात, मग दाणा घाईने पिकतो आणि पोट भरायचं राहून जातं. प्रथिनांची टक्केवारी कागदावर चांगली दिसते, पण गर कमी, साल जास्त. माझा मागच्या वर्षीचा गहू तसलाच असणार.

दुकानदार काकांनी दोन गोण्या उघडल्या. वाण एकच, पेरणीही एकाच आठवड्यातली. पहिलीतला दाणा दाताखाली कटकन फुटला, आतून काचेसारखा. दुसरीतल्या दाण्यांवर पांढरट, पिठूळ डाग. काका म्हणाले, “ताई, ह्याने दुसरा युरिया टाकलाच नाही.” मला पटलं. हेक्टरी १२० किलो नत्र (नायट्रोजन, युरियातून मिळतं ते), ६० स्फुरद (फॉस्फरस), ४० पालाश (पोटॅश) अशी शिफारस आहे. त्यातलं निम्मं नत्र पेरताना आणि उरलेलं निम्मं तीन आठवड्यांनी, खोडाच्या तळाशी मुकुटमुळं फुटतात तेव्हा, पहिल्या पाण्याबरोबर. ते चुकलं की दाण्यात प्रथिनं कमी पडतात आणि कणकेला लोच येत नाही. माझे वडील त्या पाण्याच्या दिवशी घरच्या लग्नालाही जायचे नाहीत. युरियाचा हात सैल सोडायचेही नाहीत, कारण मग पीक लोळतं आणि दाणा बारीक राहतो.

काकांनी पहिल्या गोणीतला दोन किलो गहू नमुन्याला दिला. दळला, पोळ्या केल्या, डब्यात घालून तीन वाजेपर्यंत ठेवल्या. तीनला उघडल्या तेव्हाही मऊ. दुसऱ्या दिवशी ५० किलोच्या सहा गोण्या उचलल्या.

भाव किलोला ४६ रुपये, आजूबाजूपेक्षा चार रुपये जास्त, हमाली वेगळी. खडे निघतात, निवडावं लागतंच. अकरानंतर टेम्पो गल्लीत शिरत नाही, सकाळीच जा. चांगल्या तारखांचा माल मेअखेर संपतो, म्हणून मी पुढच्या गोण्याही सांगून ठेवल्यात.

चिठ्ठीवर दुसऱ्या युरियाची तारीखही लिहा, असं मी काकांना म्हटलंय. येत्या नोव्हेंबरपासून शेतकऱ्यांना विचारून लिहितो म्हणाले.