चोंबडा टीव्ही : सात महिन्यांचा सहवास

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. पडदा उत्तम. टीव्ही आगाऊ. पाचपैकी साडेतीन तारे, आणि त्यातला अर्धा मी त्याचं नेट काढून घेतल्यावर वाढवलाय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. खरेदीआधी चार-पाच कंपन्यांच्या टीव्हींबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचलं होतं, तक्रारी सगळीकडे त्याच होत्या. तेव्हा वाटलं होतं, लोकांना कुरकुर करायची सवयच असते.

माझं काम सबटायटल्सचं. दिवसभर माझी नजर चित्राच्या खालच्या पट्टीत अडकलेली असते, त्यामुळे इतरांना जे दिसत नाही ते मला दिसतं आणि मग दिसतच राहतं. संध्याकाळी तासभर गेम. त्याही जुन्या, उड्या मारत पुढे जाण्याच्या, ज्यात बटण एका क्षणाने उशिरा दाबलं की खड्ड्यात. सुट्टीला भाचा येतो, त्याला गाड्यांच्या शर्यती लागतात. उरलेला वेळ टीव्ही बाबांचा, सामने आणि कृष्णधवल सिनेमे. पंचावन्न इंची, फोर-के, १२० हर्ट्झचा, मागचा प्रकाश भागाभागाने कमी-जास्त होणारा एलईडी टीव्ही घेतला तो या तिघांचा विचार करून.

पहिल्या रात्री बाबांनी त्यांचा एक आवडता जुना सिनेमा लावला. दहा मिनिटांत म्हणाले, "अगं, हे कुणी नाटकाचं शूटिंग केल्यासारखं का दिसतंय?"

नेमकं बोलले. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, बोलपट आले तेव्हापासून हाच रिवाज. टीव्हीचा पडदा मात्र सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. साठला चोवीसने नीट भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा आणि पुढचं दोनदा दाखवावं लागतं, आणि कॅमेरा आडवा फिरला की बारीक हिसके बसतात. १२० वर प्रत्येक चित्र बरोबर पाचदा दाखवलं की प्रश्न मिटला. पण टीव्ही तेवढ्यावर थांबत नाही. दोन खऱ्या चित्रांच्या मधली चित्रं तो स्वतःच्या मनाने तयार करतो आणि घुसडतो. मग सगळं तुळतुळीत सरकायला लागतं, अगदी व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेल्या मालिकेसारखं. बाबांच्या सिनेमात तलवारबाजी होती. तलवारीच्या पात्याभोवतीची हवा पाण्यासारखी हलत होती. आणि चित्रातच छापलेल्या सबटायटल्सच्या मागून कुणाचा हात गेला की अक्षरं क्षणभर वितळत होती. मी उठून उभीच राहिले.

ही सोय प्रत्येकाकडे वेगळ्या नावाने असते. सोनीकडे मोशनफ्लो, एलजीकडे ट्रूमोशन, सॅमसंगकडे ऑटो मोशन प्लस. 'मोशन' शब्द दिसला की तिथे जाऊन बंद करा. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॅरीला शेजारी उभं करून, हे बंद करा हो, अशी विनवणी करणारा व्हिडिओच काढला होता. पुढच्या वर्षी यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या संघटनेने 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला, ज्यात टीव्हीने आपली अक्कल बाजूला ठेवून सिनेमा जसा आहे तसा दाखवायचा असतो. तो मोड माझ्या टीव्हीत आहे. मेनूच्या पाचव्या पानावर, खाली सरकवल्यावर. पेटीतून काढल्यावर चालू असतो तो 'स्टँडर्ड', ज्यात सगळ्यांचे चेहरे निळसर आणि हालचाल तेल लावल्यासारखी. सामन्यांसाठी बाबांनी तेवढं तेल थोडं ठेवायला सांगितलं, चेंडू बरा दिसतो म्हणाले. तेही खरं आहे.

गेमच्या बाबतीत हाच आगाऊपणा महागात पडतो. मधलं चित्र बनवायचं तर टीव्हीला पुढचं चित्र हातात येईपर्यंत आधीचं अडवून ठेवावं लागतं. सिनेमात हा उशीर कळत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवता येतो. गेममध्ये मात्र तुमचा अंगठा थांबायला तयार नसतो. पहिल्या आठवड्यात मी एकाच खड्ड्यात इतक्या वेळा पडले की वय झालं असं वाटायला लागलं. मग फोन काढला, सेकंदाला २४० चित्रांच्या संथ गतीवर लावला, बोट आणि पडदा एकाच चौकटीत धरले आणि मोजत बसले. स्टँडर्डमध्ये बटण दाबल्यापासून पात्राचे पाय जमिनीवरून उचलेपर्यंत ३८ चित्रं. गेम मोडमध्ये, म्हणजे टीव्हीची ही कारागिरी बंद ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये, १६. एक चित्र म्हणजे जेमतेम चार मिलिसेकंद, म्हणजे साधारण १५८ विरुद्ध ६७. यात कंट्रोलरचा आणि खुद्द गेमचा वेळही धरलेला आहे, पण मधली नव्वदेक मिलिसेकंदं निखळ टीव्हीची. सेकंदाला साठ चित्रांच्या गेममध्ये ती साडेपाच चित्रं झाली. खड्डा ओलांडायला तेवढी पुरतात.

मला झालेला आनंद सांगू शकत नाही. म्हातारी मी नव्हते, टीव्ही होता.

(जुन्या काचेच्या, नळीच्या टीव्हीला ही भानगडच नव्हती, सिग्नल आला की थेट पडद्यावर. १९८४ च्या 'डक हंट' या बदकं टिपायच्या व्हिडिओ गेममधली बंदूक त्या भरवशावरच चालायची. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन, आणि बंदुकीला तो ठरलेल्या क्षणी दिसला तर नेम बरोबर. आजच्या टीव्हीसमोर ती बंदूक आंधळी होते. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मावशी, म्हणजे बंदूक गोळी सोडत नव्हती, बघत होती?" इतकं चांगलं मला सांगता आलं नसतं.)

गेम मोड आपोआप लागण्याची सोयही आहे. टीव्हीला उपकरणं जोडायची जी एचडीएमआय केबल असते, तिच्या २०१७ च्या २.१ आवृत्तीपासून ती आली, कन्सोल, म्हणजे गेमचं यंत्र, टीव्हीला खुणावतो आणि टीव्ही स्वतःची कारागिरी गुंडाळून ठेवतो. भाच्याच्या नव्या कन्सोलशी हे झकास जमतं. माझ्या जुन्याला ती खूण करता येत नाही, म्हणून दर वेळी हाताने. चार बटणं दाबायची, तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या आपोआपची. एकाच केबलवरून उपकरणं एकमेकांना चालू-बंद करू शकतात, त्याला सीईसी म्हणतात. छान कल्पना. पण बाबा बातम्या लावायला टीव्ही चालू करतात आणि शेजारी कन्सोल जागा होतो. कन्सोल जागा झाला की तो टीव्हीला म्हणतो माझ्याकडे बघ, आणि बातम्या जाऊन माझा अर्धवट सोडलेला गेम समोर येतो. बाबा मला हाक मारतात. मी सीईसी बंद केलं, तर साउंडबारचा, म्हणजे टीव्हीखालच्या वेगळ्या लांबट स्पीकरचा, आवाज टीव्हीच्या रिमोटने कमी होईना. शेवटी फक्त कन्सोलमध्ये बंद ठेवलं, साउंडबारचं चालू. कुणाला हाच त्रास असेल तर सरळ हे करा, माझा एक रविवार वाचवा.

आता पडद्याचं कौतुक, कारण ते लपवणं बरोबर नाही. अंधारातले प्रसंग खरोखर अंधारात दिसतात. जुन्या टीव्हीवर काळं म्हणजे राखाडी होतं, इथे काळ्यात पायऱ्या दिसतात, दाराआड उभा माणूस दिसतो. बाबांच्या कृष्णधवल सिनेमांना या टीव्हीने न्याय दिलाय. एक खोट आहे आणि ती माझ्याच वाट्याची. मागचा प्रकाश भागाभागाने पेटतो, आणि एकेक भाग अक्षरापेक्षा पुष्कळ मोठा असतो. काळ्या पट्टीवर पांढरी सबटायटल्स आली की अक्षरांभोवती धुकट प्रभावळ दिसते. ओळ गेली की प्रभावळही जाते, पुढची आली की परत. लोकांना वाटतं सिनेमा चालू आहे, मला खालचा दिवा चालू-बंद होताना दिसतो. उपाय सोपा निघाला : ज्या अ‍ॅपमध्ये सोय आहे तिथे सबटायटल्सचा रंग पांढऱ्याऐवजी राखाडी केला. बराच फरक पडतो, डोळ्यांनाही बरं.

आणखी एक. लॅपटॉप जोडून माझंच काम मोठ्या पडद्यावर तपासायला घेतलं, तर खालच्या ओळीतले उकार कापलेले. ऱ्हस्व-दीर्घावर क्लायंटशी वाद घालणाऱ्या बाईला हे दाखवायचं म्हणजे क्रूरपणाच. नळीच्या टीव्हीच्या काळात चित्राच्या कडा चौकटीआड जायच्या, ती सवय म्हणून आजही काही टीव्ही चित्र थोडं ताणून कडा छाटतात. आज त्याचं काहीही कारण उरलेलं नाही. चित्राच्या आकाराच्या मेनूत 'जसंच्या तसं' अशा अर्थाचा पर्याय असतो, तो घ्या. गेममध्ये कोपऱ्यातला प्राणांचा आकडा अर्धा दिसत असेल तर कारण हेच.

आवाजाबद्दल थोडक्यात : पातळ टीव्हीचे पातळ स्पीकर, तोंड जमिनीकडे. संवाद पुटपुटल्यासारखे, स्फोट खिडक्या हलवणारे. साउंडबार घ्यावा लागला.

रिमोटवर अ‍ॅप्सची चार मोठी बटणं आहेत, त्यातली दोन आमच्याकडे नसलेल्या अ‍ॅप्सची. अंधारात अंगठा हमखास तिथेच पडतो. इनपुट बदलायचं बटण नाही.

आता चोंबडेपणाच्या खऱ्या अर्थाकडे येते. मध्ये मध्ये करणं हा अर्धा चोंबडेपणा झाला, उरलेला अर्धा म्हणजे चहाड्या. सुरुवातीला टीव्ही तीन करारांवर सही मागतो. एक आवश्यक, दोन ऐच्छिक, पण 'सगळं मान्य' हे बटण ठळक आणि 'निवडून पाहा' पुसट. ऐच्छिकांपैकी एकात लिहिलेलं असतं की तुम्ही काय पाहता ते ओळखून तुम्हाला आवडेल असं सुचवू. ओळखायचं कसं, तर पडद्यावरच्या चित्राचे ठसे घ्यायचे आणि सर्व्हरवरच्या साठ्याशी ताडून पाहायचे. ठसे पडद्यावरून घेतल्यामुळे तुम्ही अ‍ॅप पाहताय की बाहेरून जोडलेलं काही, याने फरक पडतोच असं नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ कंपनीने न विचारता हे केल्याच्या आरोपावरून २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं, एक कोटी दहा लाख टीव्हींचा मामला होता. तेव्हापासून विचारतात. पुसट अक्षरांत.

मी दोन्ही ऐच्छिक करार नाकारले होते. तिसऱ्या महिन्यात टीव्हीने स्वतःला अपडेट केलं, आणि सकाळी पाहते तर होम स्क्रीनवर जाहिरातींची नवी ओळ, घेतला तेव्हा नसलेली. वरचं मोठं चित्र आपोआप वाजायला लागणारं, आवाजासकट. आणि माझं मोशनचं सेटिंग परत मूळ जागी. म्हणजे घरात आणलेली वस्तू रात्रीत बदलली आणि बदलणाऱ्याने दारही वाजवलं नाही. त्या दिवशी मी टीव्हीचं वायफाय विसरायला लावलं आणि अ‍ॅप्ससाठी एक जुनी छोटी पेटी जोडली. होम स्क्रीन आता रिकामी दिसते, कोपऱ्यात 'नेटवर्क नाही' अशी खूण. टीव्ही चालू झाला की थेट शेवटच्या इनपुटवर जातो. याच दिवशी तो अर्धा तारा वाढला. पेटीही धुतल्या तांदळासारखी असेल असं नाही, पण नको झाली तर ती एकटीच टाकता येते.

शेवटची गोष्ट टीव्हीची नाही, पेटीतल्या अ‍ॅपची आहे, पण टीव्हीच्या नावाने सुरू केलंच आहे तर सांगते. सबटायटल्स करणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीच्या अगदी शेवटी येतं, आलं तर. आणि श्रेयनामावली सुरू झाली रे झाली की अ‍ॅप तिला पोस्टाच्या तिकिटाएवढी करून कोपऱ्यात ढकलतं आणि पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू करतं. पाच, चार, तीन. वर्षभर खपून केलेल्या मालिकेत माझं नाव मी कधी पूर्ण पाहिलेलंच नव्हतं. हे बंद करायची खूण अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये सापडेना. ती निघाली त्यांच्या वेबसाइटवर, प्रोफाइलच्या आत. तिथली खूण काढली.

परवा बाबांनी मी केलेली मालिका पाहून संपवली. नामावली पूर्ण आकारात वर सरकत होती, मी श्वास धरून बसलेले. बाबा उठले, सवयीप्रमाणे खोलीतला दिवा लावला आणि पडद्यावर सगळी चमक आली.

"गेलं का गं तुझं नाव?" त्यांनी विचारलं.

मी रिमोट उचलला. अंगठा नेमका अ‍ॅपच्या बटणावर पडला.