गावाची गाणी इंटरनेटवर: हक्क राखावेत, खुली करावीत की गावातच ठेवावीत?

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या एखाद्या ग्रामवाचनालयाने किंवा युवक मंडळाने भाताच्या रोवणीची आणि जात्यावरची गाणी, दंडार या लोकनाट्याचे प्रयोग, जुनी छायाचित्रे आणि जाणत्या माणसांनी सांगितलेली वनौषधींची माहिती मोबाइलवर टिपून ठेवली असेल, तर ती इंटरनेटवर कोणत्या अटींवर टाकायची, हे त्यांना केव्हातरी ठरवावे लागते. त्यांच्यापुढे चार वाटा असतात: सर्व हक्क राखून प्रसिद्ध करणे, अव्यावसायिक वापरापुरती मोकळीक देणे, श्रेय देण्याच्या अटीवर सर्वांना खुले करणे, किंवा इंटरनेटवर न टाकता वाचनालयातच ऐकण्या-पाहण्यास ठेवणे. सगळ्या संग्रहासाठी एकच वाट निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गाणे, नाटक, औषधी आणि घरातले बोलणे यांवरचे हक्क वेगळे आहेत आणि ते बाहेर गेल्याने होणारे नुकसानही वेगळे आहे.

आधी मालकी कोणाची, हे पाहावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आणि कर्ता ठाऊक नसलेल्या गाण्याच्या शब्दांवर सहसा कोणाचाच कॉपीराइट उरलेला नसतो. परंतु ते गाणे गाणाऱ्या आजीबाईंना 1957 च्या कॉपीराइट कायद्याने कलावंताचा हक्क दिला आहे, तो गायनाच्या पुढच्या वर्षापासून 50 वर्षे टिकतो, आणि आपले नाव दिले जावे व गाण्याची मोडतोड होऊ नये असे म्हणण्याचा अधिकारही त्यांना त्याच कायद्याने मिळतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ज्याने पुढाकार घेऊन ते करवले त्याचा असतो आणि तो प्रसिद्धीनंतर 60 वर्षे राहतो. म्हणजे एकाच गाण्यात मंडळाचा हक्क आणि आजीबाईंचा हक्क शेजारी शेजारी नांदतात, आणि मंडळाने एकट्याने कोणताही परवाना जाहीर केला तरी त्याने आजीबाईंच्या हक्काचा निकाल लागत नाही. गाणे गावातल्या हयात कवीने रचलेले असेल, तर तिसरा हक्कदार त्यात येतो.

सर्व हक्क राखणे आणि खुले करणे यांची तुलना करताना नाटकाचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र आहे. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने गावोगावी तिकिटावर प्रयोग होतात आणि लेखक, नट, वादक यांची कमाई त्यावर असते. अशा नाटकाची संहिता किंवा संपूर्ण चित्रीकरण खुल्या परवान्याने टाकणे म्हणजे लेखकाच्या हातचे काम काढून घेणे होय, म्हणून येथे सर्व हक्क राखणेच योग्य. लेखकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हक्क हस्तांतरित करताना लेखी करार लागतो, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षे धरतो. रोवणीच्या गाण्याची स्थिती याच्या उलट आहे. त्यावर कोणाचे पोट अवलंबून नाही. त्याला धोका आहे तो विसरले जाण्याचा, आणि हक्क राखून कपाटात ठेवलेले मुद्रण त्या धोक्यापासून त्याला वाचवू शकत नाही.

खुले करायचे ठरले तर अव्यावसायिक परवाना की श्रेयासह पूर्ण मोकळीक, हा पुढचा प्रश्न येतो. क्रिएटिव्ह कॉमन्स या नावाने मिळणाऱ्या तयार खुल्या परवान्यांपैकी अव्यावसायिक परवाना अनेकांना पहिल्या नजरेत न्याय्य वाटतो, कारण गावाच्या गाण्यावर बाहेरच्या कोणी पैसा करू नये ही भावना रास्तच आहे. पण या अटीमुळे ते मुद्रण विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या खुल्या फाइलसंग्रहात स्वीकारले जात नाही, आणि छपाईचा खर्च भरून काढण्यासाठी पुस्तिका विकणाऱ्या शिक्षकालाही दरवेळी परवानगी मागावी लागते. श्रेय द्या आणि बदल करून प्रसिद्ध केलेली कृती त्याच अटींवर खुली ठेवा, असे सांगणारा परवाना पारंपरिक गाण्यांसाठी मला अधिक चांगला वाटतो. कोणी त्यावर नवे काही बांधले तर तेही पुन्हा सर्वांचे होते. यूट्यूबवर मात्र हा पर्याय मिळत नाही. तेथे एक तर त्यांचा नेहमीचा परवाना किंवा फक्त श्रेयाची अट असलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना निवडता येतो, त्यामुळे मूळ फाइल अन्यत्र ठेवणे बरे. शिवाय कोणताही परवाना निवडला तरी तो त्या मुद्रणापुरताच असतो. तेच गाणे दुसऱ्या कोणी स्वतः गाऊन विकले तर त्याला अडवता येत नाही.

सर्वांत अवघड भाग खासगीपणाचा आहे, आणि निर्णय घेणाऱ्यांनी आपला बहुतेक वेळ येथेच द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. जात्यावरच्या गाण्यांत बाई सासरचा जाच, दिराचे वागणे, नवऱ्याचे व्यसन नावागावानिशी सांगते. जात्याजवळ ऐकणाऱ्या दोघी-तिघींना ते ठाऊकच असते, पण तेच मुद्रण नातवाच्या मोबाइलवर, सोयरिकीच्या गावात आणि शोधयंत्रात पोहोचले की त्याचे रूप पालटते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे ठरवले, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने असे सांगितले की, संमती जितक्या सहजतेने देता येते तितक्याच सहजतेने ती मागे घेता आली पाहिजे. या कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना मात्र एकदा दिला की मागे घेता येत नाही. मंडळ आपल्या पानावरून फाइल काढू शकते, परंतु ज्यांनी ती आधीच घेतली त्यांचा वापराचा हक्क टिकून राहतो. याच परवान्याच्या 4.0 आवृत्तीत खासगीपणाचा हक्क त्यात येत नाही असे स्वच्छ लिहिलेले आहे, त्यामुळे परवाना लावला म्हणजे गाणाऱ्या बाईची संमती मिळाली असा अर्थ होत नाही. गावात ठेवलेले मुद्रण उद्या खुले करता येते, खुले केलेले परत गावात आणता येत नाही. म्हणून जेथे जिवंत माणसाचे नाव येते तेथे चौथी वाट, म्हणजे वाचनालयातच ऐकवणे, हीच मी निवडेन. अठरा वर्षांखालील मुलांचे चेहरे असतील तर पालकांची संमती घेतल्याशिवाय चित्रीकरण कोठेही टाकू नये.

वनौषधींबाबत दोन्ही बाजूंना वजन आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत 1995 मध्ये दिलेले पेटंट 1997 मध्ये रद्द झाले ते भारताने जुने लिखित पुरावे पुढे ठेवल्यामुळे, यावरून माहिती नोंदवून ठेवण्याचे महत्त्व दिसते. तरीही 2001 मध्ये सुरू झालेले पारंपरिक ज्ञानाचे सरकारी डिजिटल ग्रंथालय पेटंट कार्यालयांना गोपनीयतेच्या करारावर दाखवण्यात आले, कारण पुरावा उपलब्ध असणे आणि नुस्खा सर्वांना फुकट वापरायला मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हे ज्ञान एका मंडळाचे नसते. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक समितीने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांविषयीच्या ज्ञानाची नोंद, ठेवायची असते, आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची जी रीत घालून दिली आहे, तिच्याप्रमाणे हा विषय ग्रामसभेत यावा. तोवर वनस्पतीचे नाव आणि छायाचित्र पुरे. मात्रा, कृती आणि ठिकाण बाहेर देऊ नये. मोबाइलच्या छायाचित्रात अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात, ते काढून टाकावेत.

वाचनालयातल्या छापील पुस्तकांचा प्रश्न सोपा आहे. अव्यावसायिक सार्वजनिक वाचनालयाला स्वतःजवळच्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, पण ती इंटरनेटवर टाकता येत नाही. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे कॉपीराइट राहतो आणि ती पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन 1968 मध्ये झाले, तेव्हा त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन 1 जानेवारी 2029 पासून सर्वांना मोकळे होईल.

आता संमतिपत्राबद्दल. एका कागदावर चार वाटा मराठीत, आणि गाणाऱ्याची भाषा गोंडी असेल तर गोंडीत वाचून दाखवाव्यात. गाण्यासाठी, चेहऱ्यासाठी आणि नावासाठी वेगवेगळी खूण घ्यावी. आणि मुद्रण झाल्यावर ते त्या माणसाला पूर्ण ऐकवून, आठ-पंधरा दिवस जाऊ देऊन मगच सही किंवा अंगठा घ्यावा.