सांगलीच्या जुन्या घरात वॉलपेपर : एक पावसाळा काढल्यानंतर

आमचं घर मारुती चौकाच्या जवळ, जुन्या विटांचं, दोन मजली. २०१९ च्या पुरात खालच्या हॉलमध्ये छातीएवढं पाणी होतं, २०२१ ला ते पुन्हा आलं. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्या पाण्याशी जोडलेलं आहे. गेल्या डिसेंबरात हॉलच्या एका भिंतीला वॉलपेपर लावून घेतला आणि फेब्रुवारीत वरच्या झोपायच्या खोलीत. आता ऑक्टोबर आहे. वरचा कागद लावला त्या दिवशी होता तसाच आहे. खालचा ऑगस्टमध्ये ओढून काढावा लागला.

खालचं काम दुकानाने पाठवलेल्या माणसाने अर्ध्या दिवसात उरकलं. भिंतीवर हात फिरवला, कोरडी आहे म्हणाला आणि जुन्या डिस्टेंपरवरच जाड व्हिनाइलचा कागद चिकटवला. मे महिन्यापर्यंत भिंत इतकी सुरेख दिसत होती की सासूबाई आल्यागेल्याला हात धरून दाखवायच्या. जुलैत जमिनीपासून वीतभर उंचीवर एक फुगा आला. मग सोफ्यामागून कुबट वास यायला लागला. कागद सोलला तर मागे काळी बुरशी, आणि तिच्याखाली मिठासारखा पांढरा लोणा.

आमचे नेहमीचे पेंटरमामा फेब्रुवारीतच बोलले होते, "वहिनी, ही भिंत वरनं कोरडी दिसती, पण आतनं पाणी ओढतीया. पावसाळ्यात बघा." वीट जमिनीतलं पाणी वर शोषते. त्या पाण्यात विरघळलेले क्षार पाण्याबरोबर वर येतात आणि पाणी वाळलं की भिंतीवर लोणा उरतो. साध्या चुन्याच्या भिंतीतून ओल हवेत निघून जाते. व्हिनाइल म्हणजे प्लास्टिकच, त्यातून ती निघत नाही. ती कागदामागे कोंडते आणि खळीवर बुरशी धरते. म्हणजे वाईट भिंत होती, कागद नव्हे. असला कागद त्या भिंतीला विकायलाच नको होता, हे मात्र माझं ठाम मत आहे.

वरच्या खोलीत मामांनी आधी परीक्षा घेतली. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावला आणि दोन दिवस तसाच ठेवला. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर दमटपणा खोलीतल्या हवेत आहे. आमच्याकडे दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या. जमिनीजवळ, मध्ये आणि खिडकीखाली अशा तीन ठिकाणी लावून बघा. हे काम फुकटात होतं, आणि खाली आमचे जे पैसे गेले ते एवढ्यानेच वाचले असते.

मग डिस्टेंपर खरवडून काढला. तो हाताला पांढरा लागत असेल तर कागद भिंतीला चिकटतच नाही, डिस्टेंपरच्या भुकटीला चिकटतो आणि तिच्यासकट खाली येतो. खड्डे लांबीने, म्हणजे पुट्टीने भरले, पॉलिश पेपर मारला, प्रायमरचा एक हात दिला आणि तो पुरता वाळू दिला.

रोल किती घ्यायचे, यात बहुतेकांची फसगत होते. आमची भिंत ११ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच, म्हणजे साधारण १०५ चौरस फूट. रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब, जवळपास ५८ चौरस फुटांचा. या हिशोबाने दुकानात दोन रोल सांगितले. पण आमची नक्षी दर २१ इंचांनी परत येते. शेजारच्या पट्टीशी फुलं जुळवायची तर प्रत्येक पट्टी साडेदहा फुटांची कापावी लागते. एका रोलमध्ये तशा तीनच बसतात आणि भिंतीला लागतात सात. म्हणून तीन रोल घेतले, तिन्हींवरचा बॅच नंबर एकच आहे हे बघून. नंबर वेगळा असला की रंगात किंचित फरक पडतो आणि तो ट्यूबलाइटच्या उजेडात नेमका दिसतो. दोन पट्ट्या उरल्या, त्या जपून ठेवल्यात.

कागद नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेल्या तंतूंच्या पाठीचा घेतला. त्यात खळ कागदाला नाही, भिंतीला लावायची. साध्या कागदी पाठीच्या वॉलपेपरला खळ लावून तो आतल्या बाजूने दुमडून काही मिनिटं मुरू द्यावा लागतो. कागद ओला झाला की वाढतो, आणि ते वाढणं भिंतीवर चढण्याआधी व्हायला हवं. पहिली पट्टी ओळंब्याने लावली, कोपऱ्याच्या भरवशावर नाही, कारण जुन्या घराचा एकही कोपरा सरळ नसतो. स्विचबोर्डाजवळ काम करताना मेन स्विच बंद केला होता. सगळं झाल्यावर पंखा लावायला गेले तर मामांनी अडवलं. कागद भरभर वाळला की आकसतो आणि सांधे उघडतात. रात्रभर खिडक्याही बंदच ठेवल्या. आजही सांधा शोधावा लागतो.

निगा फारशी नाही. पंधरा दिवसांनी मऊ कोरडं फडकं वरून खाली फिरवते. हाताचे डाग स्पंज ओला करून, घट्ट पिळून टिपते. सांध्यावर घासायचं नाही, सांध्याच्या दिशेनेच पुसायचं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय, मागे हवा खेळती राहते. पावसाळ्यात त्याच्यामागे एकदा कसर दिसली. तिला खळीतला स्टार्च आवडतो. तेव्हापासून ती जागा महिन्यातून एकदा झाडते. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट थर बसतो आणि देवघरात समईची काजळी, म्हणून तिथे मी कागद लावणार नाही.

खालची भिंत उघडी पडल्यामुळे यंदा गणपती वर बसवला. मखराच्या मागे पुतण्याने दुहेरी चिकटपट्टी लावली, आणि विसर्जनानंतर ती काढताना रुपयाएवढा कागद निघून आला. जीव हळहळला. पण उरलेल्या पट्टीतला तुकडा नक्षी जुळवून त्या जागेवर धरला, नव्या पात्याच्या कटरने दोन्ही थर एकदम कापले, जुना काढून नवा चिकटवला. कुठे ते मला माहीत आहे म्हणून दिसतं. सजावट आता दोरीवर टांगायची, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

हॉलच्या भिंतीचं प्लास्टर मामांनी कंबरेपर्यंत फोडून ठेवलंय, आतली वीट वाळू दे म्हणून. गेल्या रविवारी तिथे पुन्हा प्लास्टिक लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी आतून थेंब होते, पण सप्टेंबरपेक्षा कमी. पुढचा पावसाळा संपल्यावर पुन्हा प्लास्टिक लावून बघेन. तोवर तिथे नवं प्लास्टर आणि चुना, आणि रोल दुकानातच.