फायबर की ५जी वायरलेस : भाड्याच्या घरात कोणते ब्रॉडबँड घ्यावे?

मुलुंडला अकरा महिन्यांच्या करारावर राहायला आलेल्या भाचीने विचारले, “मामा, दोन्हींवर १०० एमबीपीएसच लिहिलंय, मग फरक काय?” एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने अशा जोडणीवर फाइल उतरते ती फार तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट या वेगाने. हे गणित दोन्हीकडे सारखेच.

खरा फरक स्थैर्याचा आहे. फायबरमध्ये प्रकाशाचे संकेत काचेच्या तंतूतून थेट घरातल्या ओएनटी नावाच्या डबीपर्यंत येतात, त्यामुळे लेटन्सी, म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, सहसा कमी आणि एकसारखी राहते. अपलोडचा वेगही बहुधा डाउनलोडइतका मिळतो. ५जीमध्ये शेवटचा टप्पा हवेतून पार होतो आणि टॉवरची क्षमता आसपासच्या सगळ्यांत वाटली जाते, म्हणून रात्री नऊला सगळी वस्ती सामना पाहत असताना व्हिडिओ कॉल अडखळू शकतो.

बसवण्याच्या खटपटीत मात्र ५जी सरस ठरते. फायबरसाठी सोसायटीची परवानगी, डक्टमधून ओढलेली केबल आणि भिंतीला भोक लागते (घरमालकाचा चेहरा आठवावा). शिवाय आमच्या इमारतीत गच्चीवरून लोंबणारी केबल जुलैच्या पावसात तुटली, तेव्हा चार दिवस फोनच्या हॉटस्पॉटवर काढावे लागले. वीज गेल्यावर दोन्ही बंद.

घरून काम करणाऱ्यांनी, मोठ्या फाइली पाठवणाऱ्यांनी फायबरच घ्यावे. दरवर्षी घर बदलणाऱ्या भाचीला ५जी चालेल. फक्त राउटर खिडकीशी ठेवून रात्रीचा वेग आधी तपासावा.